नववीचा वर्ग आणि डोंगरावरची अक्षरं

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, “गंगेचं पाणी आणलंस का?” मी पाणी आणलं नाही. रामकुंडावर मी पोचले ती परतीच्या दिवशी, तीही गाडीची वेळ सांभाळत. माझी सगळी रजा खर्ची पडली एका खेड्यातल्या शाळेच्या नववीच्या वर्गाबरोबर. त्यामुळे तीर्थयात्रेचं वर्णन वाचायला बसलेल्यांची निराशा होईल, हे आधीच सांगून टाकते.

एकोणऐंशी साल संपत आलं होतं. मी इतिहास शिकवते, माझी मैत्रीण सुलभाही इतिहासच शिकवते. बी.एड.ला पुण्याच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. ती मूळची नाशिक रोडची. वडील सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, घर बौद्ध, तीन बहिणींत ही थोरली आणि तिघींत जास्त हट्टी. तीन वर्षांपासून ती गोदाकाठच्या एका मोठ्या गावात नोकरी करत होती. सायखेड्याच्या बाजूचं गाव, एवढंच सांगते. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे घडलं त्यातली माणसं अजून तिथंच नांदतायत.

“माझी पोरं दगड वाचायला शिकलीत, बघायला ये,” असं तिनं कळवलं. मला वाटलं, ही नेहमीसारखी काहीतरी वाढवून सांगतेय.

नाशिक रोड

पहाटे उतरले तेव्हा थंडीनं हात खिशात घालावेसे वाटले, पण साडीला खिसे कुठले! आमच्याकडे थंडी पडते म्हणजे लोक कौतुकानं मफलर काढतात. इथं ती खरोखरीची पडते. सुलभाच्या आईनं दारातच पितळी पेला हातात दिला. चहात गवती चहा आणि आलं इतकं की पहिल्या घोटाला ठसका लागला.

सकाळी सुलभाच्या धाकट्या बहिणीनं हट्टानं मिसळ खायला नेलं. मिसळीच्या बाबतीत कोल्हापूरकराला कुणी काही शिकवू नये असं माझं मत होतं. इथं मात्र ताटलीच्या कडेला भाजलेला पापड आला, वाटीत दही आलं आणि रस्सा काळपट. तिखट आमच्यापेक्षा कमी, पण मसाला जास्त मुरलेला. मी ताटली निपटून काढली आणि “बरी आहे” म्हणाले. बहीण हसली. तिला माझ्या “बरी”चा अर्थ बरोबर कळला होता.

दुपारच्या एस.टी.नं आम्ही गावाला निघालो.

गोदाकाठ

उसाचे फड, मधे मधे कांद्याची ताजी लागण, पाण्यानं भरलेले पाट. काळी जमीन आमच्याकडेही आहे, पण इथली नदी वेगळी. पंचगंगा आमच्या गावाला वळसा घालून लगबगीनं निघून जाते. इथं गोदावरी रुंद, संथ पसरलेली. घाटाच्या खाली कोळ्यांची दहा-बारा घरं आणि काठावर वाळत घातलेली जाळी.

सुलभाच्या खोलीवर मी पिशवी टाकली आणि तडक तिच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले. भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर रंगीत खडूनं काढलेले तक्ते टांगले होते. त्यावर खुणा होत्या: अधिकाचं चिन्ह, वाटोळं, वाटोळ्यात टिंब, अर्धं वर्तुळ.

“हा क,” अधिकाच्या चिन्हाकडे बोट करून एका मुलीनं मला समजावलं. तिचं नाव मंदा, खालच्या कोळीवाड्यातली. “वाटोळं म्हणजे ठ. त्यात टिंब दिलं की थ. आमच्या बाईंनी शिकवलंय. हिला ब्राह्मी म्हणतात.”

दिवाळीपासून रोज शेवटच्या तासाची दहा मिनिटं सुलभा हेच करत होती. पोरं एकमेकांना ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहायला लागली होती, त्यामुळे बाकीच्या शिक्षकांना त्या पकडूनही वाचता येत नव्हत्या. मी स्वतः इतकी वर्षं सनावळ्या आणि कारणं-परिणाम शिकवले. मुलं पाठ करतात, लिहितात, विसरतात. हा वर्ग काही पाठ करत नव्हता, नुसता उतावीळ झाला होता. दोन दिवसांनी सहल नाशिकच्या लेण्यांवर जाणार होती.

गावात त्या लेण्यांना सगळे पांडवलेणीच म्हणतात. पांडव वनवासात तिथं राहिले, भीमानं नखांनी डोंगर कोरला, असं घरोघरी सांगतात. सुलभानं त्यावर चकार शब्द काढला नव्हता. फळ्यावर फक्त दोन प्रश्न लिहिले होते: लेणी कुणी कोरली? कशावरून?

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी आम्हा दोघींना चहाला बोलावलं. माणूस सज्जन, पण भित्रा. कपात बघत बघत म्हणाले, “बाई, सहलीला माझी ना नाही. फक्त पुस्तकात आहे तेवढंच बोला. पालकांना वाटतं पोरं देवदर्शनाला चाललीत. तुम्ही… म्हणजे तुमच्याबद्दल लोक लगेच वेगळा अर्थ काढतील. जूनमध्ये तुम्हाला कायम करायचा विषय समितीपुढे यायचाय.”

“सर, मी काहीच बोलणार नाही,” सुलभा म्हणाली. “पोरं वाचतील.”

खोलीवर परतताना ती म्हणाली, “दुसऱ्या कुणी बाईंनी हीच सहल काढली असती तर चहा झाला असता, उपदेश झाला नसता.” मला आजवर कुणी असा उपदेश केलेला नाही.

डोंगरावर

लेण्यांचा डोंगर नाशिकच्या बाहेर मुंबईच्या रस्त्याला लागून आहे. लांबून तो नुसता एक त्रिकोणी डोंगर दिसतो. लेणी दिसतात ती अर्ध्यावर चढून गेल्यावर, एका रांगेत, डोंगराला पट्टा बांधल्यासारखी. पायऱ्या चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. “कोल्हापूरच्या बाईंची कोल्हापुरी तुटली!” असा गलका झाला आणि मी उरलेली चढण अनवाणी केली.

वर पोचताच पोरं पांगली. खांबांवरचे हत्ती-बैल, दारावरची नक्षी, पाण्यानं भरलेली टाकी. गार वारा आणि खाली दूरवर पसरलेलं शहर. डबे उघडायचा विचार चालला होता, एवढ्यात आतल्या एका लेण्यातून आरडाओरडा ऐकू आला.

आम्ही धावलो. आत मोठी बसलेली मूर्ती होती. तिच्या पुढ्यात प्रकाशनं नारळ ठेवला होता. प्रकाश हा वर्गातला वक्ता, बागायतदाराच्या घरचा. “धर्मराजाचा नारळ” असं तो म्हणाला, आणि मागून सुनील नावाचा मुलगा म्हणाला, “हा धर्मराज नाय, बुद्ध हे. माझे वडील दर वर्षी येतात इथं.” सुनील बौद्ध वस्तीतला. पुढे “तुमचं” आणि “आमचं” सुरू झालं, आणि आम्ही पोचलो तोवर प्रकाशच्या मुठीत सुनीलची कॉलर होती.

“सोड,” सुलभा म्हणाली. आवाज चढवला नाही. “प्रकाश, तुला कुणी सांगितलं?”

“आमच्या आबांनी.”

“सुनील, तुला?”

“वडलांनी.”

“म्हणजे दोघांनी घरी ऐकलंय. आता इथं काय दिसतं ते सांगा. धर्मराज राजा होता ना? मुकुट कुठाय? बाकीचे चार भाऊ दाखवा. भीमाची गदा शोधा.”

पोरं खरोखर गदा शोधायला लागली. सुनील हसायला लागला, तसं तिनं त्यालाही विचारलं, “आणि तू सकाळी एस.टी.त म्हणत होतास की बुद्धानं स्वतः ही लेणी कोरून घेतली. ते कशावरून?” सुनीलचं हसू विरलं.

मग ती सगळ्यांना एका लहानशा लेण्याच्या ओसरीत घेऊन गेली. भिंतीवर अक्षरांची एक छोटी ओळ. मला एकटीला कुणी दाखवली असती तर मी दगडावरचे ओरखडे म्हणून पुढे गेले असते.

“वाचा,” ती म्हणाली आणि मागे सरून माझ्याजवळ उभी राहिली.

पोरांनी गर्दी केली. बोटं लावू नका, लांबूनच वाचा, अशी ताकीद आधीच होती. मंदानं सुरुवात केली, कुणी अडखळलं की दुसरं जोड देई. एक नाव होतं, त्यात बराच वेळ गेला. मग प्रकाश मान वाकडी करून म्हणाला, “स… प… रि… वा… र… स. सपरिवारस.” थोडा थांबला आणि ओरडला, “सपरिवार! बाई, लग्नपत्रिकेत असतं ते!”

“शेवटी स कशाला?” मंदानं विचारलं.

“त्या भाषेत ‘चा’ म्हणायचं तर स लावतात. पुढे वाचा.”

“ले… ण.” प्रकाशच वाचत होता. “लेण. बाई… लेणं?”

मी आयुष्यात पुष्कळ शांत वर्ग पाहिलेत, बहुतेक धाकानं शांत झालेले. ही शांतता निराळी होती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं लिहिलेला शब्द त्या मुलाच्या तोंडात सकाळपासून होता. एस.टी.त तोच ओरडत होता, “लेणं आलं, लेणं आलं!”

मग सुलभानं पिशवीतून जाड पुस्तक काढून सगळ्या ओळीचा अर्थ सांगितला. हे लेणं एका माणसानं आपल्या परिवारासह दान दिलं. त्याच्या नावाआधी जो शब्द आहे, त्याचा अर्थ अभ्यासकांनी कोळी, मासे धरणारा, असा लावलाय. “अगदी नक्की, असं मी म्हणणार नाही. पण त्यांना तसं वाटतं.”

सगळ्यांच्या माना मंदाकडे वळल्या. ती लाजेल असं मला वाटलं. ती भुवया आक्रसून म्हणाली, “कोळ्याला एवढं परवडलं कसं? आमच्या बापाला पडवी घालायला होईना.”

सुलभा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बघ, हा प्रश्न पुस्तकात नाही.”

पुढच्या एका मोठ्या लेखात त्यांनी आणखी दोन शब्द काढले. एक ‘भिखुसंघ’, आणि त्याच्या आधी ‘चातुदिस’. चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंच्या संघाला. लेण्यात कोण राहत होतं, ते तिथं लिहिलेलंच होतं. सुनीलनं आपल्या वहीत ‘भिखुसंघ’ हा शब्द एवढा मोठा काढला की पान भरलं. प्रकाश मात्र गंभीर झाला होता.

“बाई, मग आबा खोटं बोलतात?”

“नाही रे. त्यांना त्यांच्या वडलांनी सांगितलं, ते त्यांनी तुला सांगितलं. दगडावर काय आहे ते तू वाचलंस. दोन्ही लिही. कोण म्हणतं आणि कधीचं म्हणणं आहे, तेही लिही.”

आबांचा ओटा

दुसऱ्या दिवशी दुपारीच हेडमास्तरांचा निरोप आला. प्रकाशचे आजोबा चिडलेत. आबा म्हणजे शाळेला जमीन देणारे, समितीवरचे, आणि बोललेलं मागे न घेणारे. “संध्याकाळी ते शाळेत येणार आहेत, तुम्ही जरा सबुरीनं घ्या,” असं हेडमास्तरांनी सांगितलं.

“ते शाळेत आले तर तक्रार होईल,” सुलभा मला म्हणाली. “आपणच घरी गेलो तर बोलणं होईल. येतेस?”

गेलो. आबा ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. सत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत. आम्हाला बसायला सांगितलं, सुनेला चहा टाकायला लावला, आणि मग थेट विषयावर आले.

“बाई, तुमी पोरांना काय शिकवून ऱ्हायल्या? पांडव नाय म्हनं! आमचा बाप, त्याचा बाप, सगळे येडे का? तुमचा देव तुमी माना, आमाला दुख नाय. पन आमची पोरं कशाला बाटवता?”

सुलभाचा चेहरा उतरला. ती बोलायला तोंड उघडणार, तोच दारातून प्रकाश म्हणाला, “आबा, बाईंनी नाय सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाय. म्या वाचलं.”

“तू काय वाचलं?”

प्रकाश ओट्याखाली उतरला. काडीनं मातीत त्यानं ती अक्षरं काढली, एकेक करून. आबा सहीपुरते शिकलेले. ते पुढे वाकले.

“हा ल. ही वरची रेघ म्हणजे मात्रा. ले. आन हा ण. काय झालं?”

“लेन,” आबा म्हणाले.

“लेणं. त्या दगडावर असंच लिहिलंय, आबा. जुन्या लोकांनी. तेबी लेणंच म्हणायचे.”

आबा त्या मातीकडे बघत राहिले. आत कपबशा वाजत होत्या. मला वाटलं, आता हे पायानं अक्षरं पुसतील.

“आमीबी लेनंच म्हनतो,” ते म्हणाले. “आनि पांडवांचं कुटं लिवलंय?”

“ते नाय सापडलं.”

“सगळं बघितलं का?”

प्रकाश घुटमळला. “सगळं नाय वाचता आलं. लय अवघड हे.”

“मंग!” आबांना जरा बरं वाटलं. नंतर सुलभाकडे वळून, आवाज थोडा खाली आणून म्हणाले, “पोरगं म्हनतं, माझंबी वहीत लिवलंय त्यानं.”

“लिहिलंय, आबा. तुमच्या नावानं. तुम्ही काय सांगता, तुम्हाला कुणी सांगितलं, सगळं.”

“नीट लिवलंय का पन? माझ्या बापाचं नाव घातलं का?”

“घातलं नाही,” प्रकाश म्हणाला.

“मंग घाल की.” चहा आला. आबांनी बशीत ओतून घेतला. “मला पन दाखवा ते. गुडघे हायेत तवर जातो. मी त्या डोंगराखालून गाडीनं लय येळा गेलो, वर कधी गेलो नाय. नुसतं सांगत आलो.”

मी दुसऱ्या दिवशी परतणार होते. तिकीट बदललं.

पुन्हा डोंगर

रविवारी आम्ही चौघं गेलो: आबा, प्रकाश, सुलभा आणि मी. पायथ्याशी आबांनी नारळ आणि झेंडूची माळ घेतली. दर थोड्या पायऱ्यांवर ते टेकत आणि “तुमीबी दम घ्या,” असं आम्हालाच सांगत. दम कुणाला लागला होता हे आम्ही सगळे जाणून होतो.

प्रकाशनं त्यांना ओळ वाचून दाखवली. आबांनी पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः हवेत बोट फिरवून त्या दोन अक्षरांचा माग काढला. कोळ्याचं ऐकल्यावर म्हणाले, “माळकरी आसंल,” आणि सुलभा हसू आवरत म्हणाली, “ते काही लिहिलेलं नाही, आबा.”

मग आम्ही मूर्तीच्या लेण्यात गेलो. आत अंधार, डोळे सरावायला वेळ लागला. आबा मूर्तीसमोर उभे राहिले. मुकुट नाही, शस्त्र नाही, हात छातीशी जुळवल्यासारखे, मिटल्यासारखे डोळे.

“बाई,” आबा म्हणाले, “तुमच्यात नारळ चालतो का?”

“आम्ही फुलं वाहतो,” सुलभा म्हणाली.

आबांनी नारळ प्रकाशकडे दिला. माळेचा दोरा दातानं तोडला, फुलं ओंजळीत काढली आणि त्यातली अर्धी सुलभापुढे धरली. “घ्या. आदी तुमी. तुमच्या घरचे हायेत.”

सुलभा तशीच उभी. वर्गाबरोबर आलो तेव्हा ती या मूर्तीसमोर नुसती हाताची घडी घालून उभी होती, मास्तरीण म्हणून. आताही तिचा विद्यार्थी बघत होता, आणि समितीचा माणूस समोर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मी मान खाली घातली.

मग तिनं फुलं घेतली, चपला मागे सारल्या, गुडघे टेकले आणि कपाळ दगडाला लावून नमस्कार केला. उठली तेव्हा डोळे भरलेले होते.

आबांनी ते सगळं नीट बघून घेतलं. नंतर त्यांनी आपली फुलं ठेवली आणि हळूहळू, एक हात जमिनीवर टेकत, तिनं केला तसाच नमस्कार केला. उठताना त्यांना प्रकाशचा दंड धरावा लागला.

“आनि आपला धर्मराज रे?” त्यांनी धोतर झटकत नातवाला विचारलं.

“तो पोथीत हाय, आबा.”

“मंग त्याचं भागलं,” ते म्हणाले. “पोथीत जागा लय हाय.” आणि बाहेर ओसरीत येऊन, उन्हाकडे पाठ करून बसत त्यांनी सुलभाला विचारलं, “बाई, ते कोळ्याचं परत सांगा. पोरगं हेल काढून वाचतं, धड समजत नाय.”